ताळा जमला तरी

युरेनियम-235 च्या केंद्रकावर मंद न्यूट्रॉन आदळला तर ते फुटण्याचा क्रॉस सेक्शन सुमारे 585 बार्न आहे. तसाच न्यूट्रॉन थोरियम-232 ने गिळण्याचा क्रॉस सेक्शन साडेसात बार्नच्या आत राहतो, तर झेनॉन-135 चा सुमारे 26 लाख बार्नवर जातो. क्रॉस सेक्शन म्हणजे केंद्रकाची न्यूट्रॉनशी गाठ पडण्याची शक्यता, क्षेत्रफळात मोजलेली. एका चौरस सेंटीमीटरचे 10 चा 24 वा घात इतके तुकडे केले, तर त्यातला एक तुकडा म्हणजे एक बार्न. 1942 मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी थट्टेत या एककाला धान्याच्या कोठाराचे, म्हणजे इंग्रजीतल्या ‘बार्न’चे, नाव दिले आणि तेच टिकले. न्यूट्रॉनची ऊर्जा बदलली की हे आकडे बदलतात, काही ठिकाणी तर चुटकीसरशी शेकडो पटींनी. अशा लक्षावधी आकड्यांचे संग्रह संगणकात भरून अणुभट्टीचे गणित मांडले जाते, आणि ते प्रत्यक्ष अणुभट्टीशी जुळले की संग्रह खरा ठरला असे मानण्याकडे कल असतो. या मानण्यातच घोटाळा आहे. एकूण उत्तर बरोबर आले म्हणून त्यातला प्रत्येक आकडा बरोबर ठरत नाही, आणि थोरियमवर भिस्त ठेवणाऱ्या देशाला हा फरक महागात पडू शकतो.

आधी मोजणी कशी होते ते पाहू. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टीआयएफआर यांचा पेलेट्रॉन प्रवेगक आहे. तिथे लिथियमच्या पातळ पत्र्यावर प्रोटॉनचा झोत सोडून न्यूट्रॉन मिळवतात आणि त्यांच्या वाटेत थोरियमचा नमुना ठेवतात. थोरियमने न्यूट्रॉन गिळला की थोरियम-233 बनते. सुमारे 22 मिनिटांच्या अर्धायुष्याने त्याचे प्रोटॅक्टिनियम-233 होते, आणि त्यातून निघणारे 312 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण जर्मेनियम डिटेक्टरवर मोजता येतात. पण नमुन्यावर नेमके किती न्यूट्रॉन पडले? ते थेट मोजणे अवघड, म्हणून शेजारी ज्याचा क्रॉस सेक्शन आधीच पक्का मानला आहे असा दुसरा पदार्थ ठेवतात. मंद न्यूट्रॉनांसाठी सोने हा असा जुना मापदंड आहे, सुमारे 98.7 बार्नचा. म्हणजे बहुतेक मोजण्या मुळात गुणोत्तरे असतात. शिवाय लिथियममधून एकाच ऊर्जेचे न्यूट्रॉन येत नाहीत. मुख्य शिखराच्या मागे कमी ऊर्जेच्या न्यूट्रॉनांचे शेपूट असते, आणि थोरियम मंद न्यूट्रॉन अधिक हावरेपणाने गिळतो. शेपटाचा वाटा वजा करायला लागतो तो क्रॉस सेक्शन बहुधा जुन्या संग्रहातूनच घेतात. म्हणजे ज्या आकड्याची परीक्षा घ्यायची, त्याचाच भाऊबंद परीक्षकाच्या बाकावर बसलेला असतो. यात लबाडी नाही, मात्र सोबतचे त्रुटीचे आकडे नीट वाचले पाहिजेत.

दुसऱ्या टोकाला एकत्रित कसोटी असते. लॉस अलामॉसमध्ये 1950 च्या दशकात सुमारे 52 किलो अतिसमृद्ध युरेनियमचा उघडा गोळा जुळवला गेला. त्याचे नाव गोडाइव्हा. साखळी अभिक्रिया नेमकी कधी स्वतःच्या बळावर टिकते, हे त्यावर फार बारकाईने मोजले आहे, त्यामुळे प्रत्येक नव्या संग्रहाला हा गोळा गणितात उभा करून दाखवावा लागतो. अमेरिका, युरोप आणि जपान यांचे संग्रह तो छान उभा करतात. गंमत अशी, की युरेनियम-238 मधून न्यूट्रॉन ऊर्जा गमावून विखुरण्यासारख्या घटक अभिक्रियांवर त्यांचे एकमत नाही. एका संग्रहातली एखादी अभिक्रिया काढून तिच्या जागी दुसऱ्यातली बसवली की जुळलेले उत्तर बिघडते. वहीत एका ओळीत 10 रुपये जास्त आणि दुसऱ्या ओळीत 10 रुपये कमी लिहिले गेले तरी बेरीज चोख येते, तसाच हा प्रकार. ओईसीडीच्या अणुऊर्जा संस्थेने सिएलो हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प हाती घेतला, तो अशा परस्परांना झाकणाऱ्या चुका उघड्या पाडण्यासाठी. त्यात हायड्रोजन, ऑक्सिजन, लोह, युरेनियमची दोन समस्थानिके आणि प्लुटोनियम-239 निवडली होती. 2018 च्या अमेरिकी संग्रहात त्या कामाचा मोठा वाटा आहे.

अभियंता यावर म्हणेल: बेरीज चोख येते ना, मग ओळींची उठाठेव कशाला? चालू अणुभट्टीपुरते हे म्हणणे खरे आहे. इंधन तेच, न्यूट्रॉनांच्या ऊर्जेचा साचा तोच, तर एकमेकांना खाणाऱ्या चुका उद्याही एकमेकांना खातील. साचा बदलला की ही शाश्वती संपते. 1952 मधली अमेरिकेची पहिली मोठी हायड्रोजन चाचणी द्रवरूप ड्युटेरियमवर यशस्वी झाली. 1 मार्च 1954 रोजी बिकिनी बेटांवरच्या चाचणीत त्याऐवजी घन लिथियम ड्युटेराइड वापरले गेले. त्यातला मोठा भाग लिथियम-7 चा होता आणि तो जवळपास निष्क्रिय धरला होता. वेगवान न्यूट्रॉनांनी तो फुटून ट्रिटियम देतो, हे हिशेबात नव्हते. सुमारे 6 मेगाटनांची अपेक्षा असताना 15 मेगाटनांचा स्फोट झाला आणि किरणोत्सर्गी राख आसपासच्या बेटांवरच्या रहिवाशांवर व जपानी मच्छीमारांवर पडली. आधीच्या चाचणीच्या यशाने लिथियम-7 बद्दल काहीच सिद्ध केले नव्हते.

थोरियमच्या बाबतीत आपल्याकडची एकत्रित साक्ष नेमकी इथेच तोकडी पडते. तुर्भ्याच्या ‘पूर्णिमा-2’ मध्ये 1984 साली युरेनियम-233 चे द्रावण वापरले गेले. कल्पाक्कमची ‘कामिनी’ ही 30 किलोवॉटची अणुभट्टी 1996 पासून युरेनियम-233 वर चालते. दोन्ही कामगिऱ्या मोठ्या आहेत. तरी त्या तयार युरेनियम-233 वर आणि मुख्यतः मंद न्यूट्रॉनांवर चालणाऱ्या, त्यामुळे थोरियमपासून ते इंधन बनण्याच्या वाटेवरच्या अभिक्रियांना त्या फारसा स्पर्श करत नाहीत. सुमारे साडेसहा मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचा न्यूट्रॉन थोरियममधून दोन न्यूट्रॉन बाहेर काढतो. त्या साखळीतून युरेनियम-232 तयार होते, आणि त्याच्या वंशातले थॅलियम-208 हे 2.6 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे भेदक गॅमा किरण फेकते. इंधन हाताळणाऱ्या कामगारांसाठी भिंत किती जाड हवी, हे त्या एका क्रॉस सेक्शनवर बरेच अवलंबून आहे. कामिनी सुरळीत चालली म्हणून तो तपासला गेला असे होत नाही. त्यासाठी अणुभट्टीत राहून आलेल्या थोरियममधले युरेनियम-232 मोजायला हवे.

मग मोजता येत नाही तिथे सिद्धांतावरून आकडे काढा, असा दुसरा आक्षेप येतो. थोरियमपासून युरेनियम-233 बनण्याच्या वाटेवरच्या प्रोटॅक्टिनियम-233 चेच पाहा: अर्धायुष्य 27 दिवस, नमुना स्वतःच इतका किरणोत्सर्गी की त्यावर न्यूट्रॉन मारून मोजणे कठीण. मुंबईच्या संशोधकांनी आडवाट काढली. थोरियमवर लिथियम-6 मारून न्यूट्रॉन गिळल्यावर बनले असते तेच उत्तेजित केंद्रक दुसऱ्या मार्गाने घडवले, आणि फुटण्याचे प्रमाण ज्ञात अभिक्रियेशी ताडून क्रॉस सेक्शन काढला. युक्ती देखणी आहे. पण दोन्ही मार्गांनी बनलेल्या केंद्रकांचा फिरकीवेग सारखा नसतो. विखंडनाला तो फरक बराच सोसतो, न्यूट्रॉन गिळण्याच्या अभिक्रियेत मात्र असे उत्तर फार चुकू शकते. निव्वळ सिद्धांताची गतही वेगळी नाही, कारण त्यातले प्राचल मोजलेल्या अभिक्रियांवरच बसवलेले असतात.

याचा अर्थ एकत्रित कसोट्या फोल आहेत असा घेऊ नये. युरेनियम-233 मधून उशिरा बाहेर पडणारे न्यूट्रॉन एकूण न्यूट्रॉनांच्या जेमतेम 0.27 टक्के असतात, आणि नियंत्रणाची मदार त्यांच्यावर आहे. सुट्या मोजण्यांना टक्क्याच्या आत येतानाच घाम फुटतो. त्यामुळे संग्रहातले आकडे एकत्रित प्रयोगांकडे बघून थोडे सरकवणे अटळ आहे. मात्र सरकवलेला आकडा आणि मोजलेला आकडा वेगळे ओळखता आले पाहिजेत. मोजणाऱ्याने मापदंड कोणता घेतला, त्याची किंमत किती धरली, शेपटाची वजाबाकी कशी केली, आणि कोणत्या त्रुटी एकमेकींशी बांधलेल्या आहेत, हे एक्सफॉर या आंतरराष्ट्रीय साठ्यात नोंदवता येते. ती नोंद असेल तर उद्या मापदंडाची किंमत बदलल्यावर जुनी मोजणी नव्या किमतीवर पुन्हा बसवता येते. नसेल, तर तो प्रयोग नव्याने करावा लागतो.