मोठ्या आईंचं माहेरचं नाव

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या आजेसासूबाईंचं लग्नाआधीचं नाव तुम्हाला ठाऊक आहे? आडनाव नव्हे, पाळण्यातलं, आईनं हाक मारायचं नाव. पटकन सांगता आलं तर तुमचं घर खरंच नशीबवान. आमच्या राळेगावच्या घरात चार मुलं, अकरा नातवंडं, पण एकालाही ते सांगता येईना!

आम्ही त्यांना मोठ्या आई म्हणत असू. गेल्या तेव्हा नव्वदीच्या आसपास होत्या. नेमकं वय त्यांनाही ठाऊक नव्हतं. माहेर वर्धा नदीच्या पलीकडे. तेरा-चौदाव्या वर्षी नदी ओलांडून आल्या त्या इथल्याच झाल्या. कपाशीचं निंदण, वेचणी, घरची तूर, दारची म्हैस, यात साठ वर्षं गेली. शाळा नाही, पण बोंडावरून बोट फिरवून कापूस ओला की कोरडा ते सांगत.

त्यांच्या पेटीत लुगड्यांच्या घडीखाली शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला निघाला. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं होतं. गावच्या बायांबरोबर त्याही गेल्या होत्या. पुढे संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली. पुरुषांनी आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करायचा. आजेसासऱ्यांनी दोन एकर करून दिले. आमच्या जवळच्या रावेरीला रामाशिवायच्या एकट्या सीतेचं देऊळ आहे, त्याच्या जीर्णोद्धारासाठीही शरद जोशींनीच पुढाकार घेतला. मोठ्या आई तिथे गेल्या की देवीशी नणंदेशी बोलावं तशा बोलत.

तर वर्षश्राद्ध जवळ आलं. थोरल्या दिरांचं म्हणणं, पाचशे पान उठलं पाहिजे, गावात नाव झालं पाहिजे. आम्ही जावा-नणंदांनी म्हटलं, जेवण घराण्यापुरतं करू, पण दुपारभर सगळे एकत्र बसू आणि त्यांच्या आयुष्याची एक वही करू. “वही कशाला? त्या काय पुढारी होत्या?” असं कुणीसं म्हणालं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे बहिणाबाई चौधरींचं उदाहरण तयारच होतं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या गात; मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी टिपून ठेवत. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून निघाली. जळगावात आज त्यांच्या घरी संग्रहालय आहे, तिथल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. घरातल्या दोघांनी टिपलं, म्हणून हे झालं. आमच्या मोठ्या आई कवयित्री नव्हत्या, कबूल. पण टिपायला काय हरकत होती?

दीर नाइलाजाने हो म्हणाले. मी नवी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्याच ओळीला अडलो. जन्मनाव?

सातबारा काढला, रेशनकार्ड पाहिलं, आधारकार्ड पाहिलं. सगळीकडे सासरचंच नाव. दोन एकराची मालकीण झाली तीही सासरच्या नावानं! आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरदेव अंगठीनं नवं नाव लिहितो, सगळे हसतात, पेढे वाटतात. जुनं नाव कुठे जातं, ते कुणी विचारत नाही. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका, हे आपल्याला माहीत आहे, कारण त्यांची चरित्रं लिहिली गेली. लक्ष्मीबाईंनी तर ‘स्मृतिचित्रे’ स्वतःच लिहिली.

शेवटी धाकटी जाऊ आणि मी बसनं नदीपलीकडे गेलो. भाऊ केव्हाच गेलेले, भाचे तरुण. त्यांनाही ‘राळेगावची आत्या’ एवढंच ठाऊक. पण एक मामेबहीण अजून आहेत, ऐंशी कधीच ओलांडलेली, कानानं कमी. आम्ही ओरडून सासरचं नाव सांगितलं, ओळखेनात. मोबाइलवरचा फोटो दाखवला. तो डोळ्याजवळ धरून त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “अवं, थे तं आमची अमकी!” (नाव इथे छापत नाही, ते घरचं आहे.) मग दोघी नदीच्या पात्रात खरबुजं चोरायला कशा जात, तेही सांगितलं. मोठ्या आई आणि चोरी! परतताना बसमध्ये आम्ही दोघी ते नाव पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होतो.

वर्षश्राद्धाला मी ते नाव वाचलं, तेव्हा थोरले दीर उठून अंगणात गेले. बराच वेळ आत आले नाहीत. आले ते म्हणाले, “आता पुढचं वाच.”

मग एकेकानं सांगायला सुरुवात केली. सगळं गोडगोड चाललं होतं. माझ्या सासूबाई मात्र गप्प. त्यांची पाळी आली तशी पदर सावरून म्हणाल्या, “सव्वा महिना झाला अन् मले कापूस येचाले धाडलं त्यायनं. पोरगं धुऱ्यावर झोळीत. तेई लिही.” सगळे चिडीचूप. नणंद म्हणाली, आज कशाला ते? सासूबाई म्हणाल्या, “खरं हाय म्हनून. अन् मी टायफाईडनं पडली तवा वीस रात्री माह्या उशाशी बसल्या, तेई लिही.” दोन्ही लिहिलं, एकाखाली एक. मला तर ते पान सगळ्या वहीत महत्त्वाचं वाटतं. नुसत्या गुणांची यादी लिहिली असती, तर ती कुणाच्याही आजीला लागू पडली असती!

जेवायला त्यांच्या हातचा असे तसा गोळाभात आणि वरून फोडणीचं तेल. आचारी सांगितला नाही. लुगड्यांवरून थोडी कुरबुर झाली, ती गोधड्या शिवून मिटवली. प्रत्येक नातवंडाच्या गोधडीत एक तुकडा.

तुमच्या घरी मोठं माणूस असेल तर वाट पाहू नका. समोर बसवून “सांगा” म्हटलं की त्यांना काही आठवत नाही. शेंगा फोडायला, तूर निवडायला सोबत बसा आणि मोबाइल रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवा. जुन्या फोटोंमागे कोण, कुठे, कधी ते पेन्सिलीनं हलकेच लिहा. पेनची शाई फोटोवर उतरते. आणि माहेरचं नाव पहिल्याच दिवशी विचारून घ्या. नव्या मुलांचा प्रश्न थोडा सोपा झालाय म्हणा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नाव आलं आहे. पुतणीच्या मुलीच्या दाखल्यावर ते पाहून सासूबाईंनी मला दोनदा वाचायला लावलं.

वही सध्या नणंदेकडे नागपूरला आहे. मोठ्या आईंच्या सरगुंड्यांचं माप तिनं त्यात लिहून घ्यायचंय, कारण ते फक्त तिच्याच हाताला ठाऊक. वही परत आली की ते माप इथे पाठवीन.