परसदार : लेखांक ९ – ताणाचे दिवस

कार्तिक सरत आला की जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागांचं पाणी बंद होतं. विहिरीत पाणी असलं तरी मोटार चालू करत नाहीत. त्याच दिवसांत घराघरांच्या अंगणात मात्र झाडांचं पाणी वाढवलेलं असतं. पाऊस गेलेला, ऑक्टोबरचं ऊन अजून अंगात मुरलेलं, कुंडीतली माती दुपारपर्यंत पांढरी पडलेली. मग सकाळ-संध्याकाळ सगळ्यांना सारखं पाणी मिळत राहतं. तुळशीला तेवढंच, मोगऱ्याला तेवढंच, लिंबाला तेवढंच. शरद संपून हेमंत लागताना ही सारखी वाटणी मोडायला हवी. कोणत्या झाडाचं पाणी आता तोडायचं, कोणाचं चालू ठेवायचं आणि कोणाला नुसतं त्याच्यावर सोडून द्यायचं, हे या दोन-तीन आठवड्यांत ठरवलं तर पुढचे सात-आठ महिने सोपे जातात. सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आणि तोही दरवर्षी हमखास न पडणाऱ्या या जिल्ह्यात ते ठरवलंच पाहिजे, असं मला कळकळीनं वाटतं.

सुरुवात मोसंबीपासून करू, कारण इथल्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि ताण देण्याची विद्या इथल्या बागायतदारांइतकी बारकाईनं सांभाळणारे लोक थोडेच असतील. मोसंबीला फुलं यायची तर आधी वाढ थांबावी लागते. स्पेनसारख्या देशात हे काम हिवाळ्यातली थंडी करते. गारठ्यानं झाड झोपतं, नवी पालवी काढत नाही, पानांत तयार झालेलं अन्न फांद्यांत साठत जातं आणि त्या साठ्याच्या जोरावर डोळे फुलाकडे वळतात. आपल्याकडची थंडी बेताची. रात्री पारा उतरतो, पण दुपारी पुन्हा ऊन चढतं आणि मुळाशी ओल असेल तर झाड आपलं पालवी काढतच राहतं. म्हणून थंडीनं जे अर्धवट सोडलं ते पाणी तोडून पुरं करायचं. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबे बहार धरायचा असेल, तर आधीची फळं उतरवून नोव्हेंबरच्या अखेरीपासून ताण सुरू होतो. हलक्या जमिनीत महिना-दीड महिना, मध्यम जमिनीत दीड ते दोन महिने, भारी काळ्या रानात त्याहूनही जास्त, कारण काळी माती ओल सोडता सोडत नाही. पानं फिकी पडतात, मलूल होतात, साधारण पाव हिश्श्यानं गळतात. तेव्हा ताण बसला असं म्हणतात. ज्यांनी मृग बहार धरलेला असतो त्यांच्या झाडांवर याच वेळी फळं पोसत असतात, त्यांचं पाणी अर्थातच चालू राहतं. एका बांधाच्या अलीकडची बाग तहानलेली आणि पलीकडची भिजलेली, असं दृश्य बदनापूर-अंबडकडे या दिवसांत सर्रास दिसतं. कडवंचीसारख्या द्राक्षाच्या गावात तर ऑक्टोबर छाटणी उरकून वेली नव्या फुटीवर आलेल्या असतात आणि शेततळ्यातलं पाणी मोजूनमापून त्यांना दिलं जात असतं.

ताण आणि दुष्काळ यांत काय फरक आहे, हे या जिल्ह्यानं फार जवळून पाहिलं आहे. २०१२ चा पाऊस दगा देऊन गेला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात विकतच्या टँकरवर बागा जगवायची वेळ आली. ज्यांना ते झेपलं नाही त्यांच्या पंधरा-वीस वर्षांच्या मोसंबीच्या बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या. सरपणासाठी तोडलेल्या त्या खोडांचे ढीग ज्यांनी पाहिले ते विसरलेले नाहीत. ताणात पाणी तोडणाऱ्याकडे ते पुन्हा द्यायची सोय असते, आणि केव्हा द्यायचं याचं भान असतं. ती वेळ चुकली तर शेंड्याकडून फांद्या वाळायला लागतात आणि मग झाड फुलावर येण्याऐवजी खचतं. म्हणून पुढे जे सांगणार आहे ते करताना झाडाच्या पानांकडे रोज पाहावं.

अंगणातल्या लिंबाचं पहा. कागदी लिंबू हा मोसंबीचाच भाऊबंद. जालन्यातल्या कितीतरी घरांत तो मोरीच्या पाण्यावर लावलेला असतो, बारा महिने गार मुळांवर उभा. झाड हिरवंगार, काट्यांनी भरलेलं, पण लिंबं मात्र मोजकी. घरातली माणसं खत घालतात, मिठाचं पाणी घालतात, कोणी खोडाला खिळा ठोकायला सांगतं. यातलं काहीही करू नये. झाडाला थांबायलाच मिळालेलं नाही, हे खरं दुखणं. झाड चार-पाच वर्षांचं झालं असेल, जमिनीत लावलेलं असेल आणि त्यावर फळं नसतील, तर मार्गशीर्षात मोरीचं पाणी दुसरीकडे वळवा. केळ असेल तर तिच्याकडे, नसेल तर अळूच्या वाफ्याकडे. आळं हलकं खांदून उघडं ठेवा, वाळलेल्या काड्या काढून टाका. पानं थोडी पिवळी पडली, गळली, तर घाबरू नका. कुंडीतल्या लिंबाला मात्र असा ताण देऊ नये. कुंडीत माती मूठभर, ती दोन दिवसांत कोरडीठाक होते आणि ताण बसायच्या आत मुळं जळतात. लहान रोपालाही ताण नाही.

मोगऱ्याचं गणित याहून सोपं आहे. चैत्रात ओंजळभर फुलं हवी असतील तर आता त्याला विश्रांती हवी. जमिनीतल्या मोगऱ्याचं पाणी तोडावं, कुंडीतल्याला आठ-दहा दिवसांनी तांब्याभर द्यावं. पानं पिकून गळू द्यावीत आणि पौषात फांद्या निम्म्यावर छाटून मग शेणखत व पाणी द्यावं. फूल नव्या फुटीवर येतं, त्यामुळे जुन्या काड्यांची माया धरण्यात अर्थ नाही. कढीपत्ताही थंडीत मंदावतो, खालची पानं पिवळी होतात. ती खताची मागणी नसते. त्याचं पाणी कमी करून वसंताची वाट पाहावी. आणि या दिवसांत फोडणीसाठी त्याच्या डहाळ्या ओरबाडू नयेत, पानं खुडावीत.

आता दुसरी जात. काही झाडांना पाण्याशी नव्हे, उजेडाशी देणंघेणं असतं. मांडवावर चढलेला वाल आषाढापासून नुसता पसरतो, भाद्रपदात त्याचा हिरवा माज पाहून घरातली म्हातारी माणसंही कंटाळतात, आणि उतावळे लोक कापून टाकतात. वाल दिवस लहान व्हायची वाट पाहत असतो. रात्र पुरेशी मोठी झाली की त्याला जांभळे-पांढरे तुरे येतात आणि कार्तिक-मार्गशीर्षात शेंगांचे घोस लटकतात. तुरीचंही असंच आहे. शिवारात या दिवसांत तूर पिवळी फुलून शेंगा धरते, ती याच हिशेबानं. बदनापूरच्या संशोधन केंद्रानं बीडीएन ७११ सारखे लवकर येणारे वाण दिले ते शेवटची ओल हातची जाण्याआधी दाणा भरावा म्हणून. शेवंती तर याबाबतीत फारच काटेकोर. तिची कुंडी ओट्यावरच्या रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली असेल, तर तिला रात्र झालेलीच कळत नाही आणि कळ्या उशिरा धरतात किंवा धरतच नाहीत. शेजारणीच्या शेवंतीला बहर आणि आपली नुसती पानंच, असं असेल तर खत बदलण्याआधी कुंडीची जागा बदलून पाहा. या झाडांना आता नेमानं पाणी हवं, कारण फूल आणि शेंग धरलेली असताना ताण बसला तर दोन्ही गळतात.

तिसरा गट पालेभाज्यांचा, आणि माझ्या मते हातातल्या पाण्यावर पहिला हक्क त्यांचा. भेंडी-गवार आता पेरू नये, गार मातीत त्यांचं बी कुजतं. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर यांना मात्र हीच हवा मानवते. मेथी चार-पाच दिवसांत वर येते. कोथिंबिरीला दहा-बारा दिवस लागतात, आणि धने चपलेनं किंवा लाटण्यानं रगडून दोन फाडी केल्याशिवाय पेरले तर उगवण विरळ होते, कारण एका धन्यात दोन बिया असतात. लसणाच्या पाकळ्या शेंडा वर करून आताच टोचाव्यात. अंगणात हातभर जागा उरली असेल तर हरभरा टाकावा. महिन्याभराचा झाला की त्याचे शेंडे खुडायचे. खुडलं की तो फांद्या फोडतो, आणि खुडलेल्या आंबट पाल्याची भाजी घरात होते. वाळवून ठेवला तर तोच पाला उन्हाळ्यातही उपयोगी पडतो.

या सगळ्याला पाणी आणायचं कुठून? जालना शहरात नळाला रोज पाणी येत नाही. हौद, ड्रम, गच्चीवरच्या टाक्या हाच घराचा आधार. खेड्यात विहीर असते, पण कार्तिकात घरातली कामाची माणसं कापसाच्या वेचणीला भल्या पहाटे निघून जातात आणि दिवस मावळताना परततात. त्यामुळे झाडांना पाणी संध्याकाळी, अंधारात, घाईनं घातलं जातं. थंडीत हे बाधतं. रात्रभर ओली राहिलेली माती आणि पानं रोगाला आमंत्रण देतात, आणि गार मातीत मुळं पाणी उचलतही नाहीत. ऊन वर आल्यावर, आठ-नऊच्या सुमारास, मुळाशी पाणी द्यावं. घरी राहणाऱ्या आजी-आजोबांकडे हे काम सोपवलेली घरं मी पाहिली आहेत. तिथली झाडं तर चांगली असतातच, शिवाय आजोबांना सकाळी उठायचं एक कारण मिळतं.

तांदूळ-डाळी धुतलेलं, भाज्या निवडून धुतलेलं पाणी बिनधास्त झाडांना जावं. धुण्याच्या साबणाचं पाणी मात्र काळ्या मातीत वारंवार घालू नये. त्यातल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन पुन्हा घट्ट बसतात, माती वाळून विटेसारखी कडक होते आणि पाणी वरच्या वर वाहून जातं. आपली माती बसाल्ट खडकापासून झालेली, ओली झाली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी. या भेगांतूनच खोलवरची ओल उडते आणि बारीक मुळं तुटतात. म्हणून दर आठ दिवसांनी खुरप्यानं वरची दोन बोटं माती मोकळी करायची. एक कोळपणी आणि अर्धं पाणी असं शेतकरी म्हणतात, ते अंगणातल्या आळ्यालाही तितकंच खरं आहे. वरून सोयाबीनचं भुसकट किंवा झाडलेला पालापाचोळा अंथरावा, पण खोडापासून वीतभर दूर, नाहीतर वाळवी लागते. सोयाबीन निघाल्यावर बांधावर पेटवून दिलेलं भुसकट पाहिलं की जीव हळहळतो. पोतंभर भुसकट घरी आणलं तर अख्ख्या अंगणाचं पाणी वाचतं.

हिरवळीचा गालिचा आणि रोज पाणी मागणारी परदेशी शोभेची झाडं इथल्या घरांनी लावू नयेत असंच माझं मत आहे. उन्हाळ्यात ज्या गावात टँकरमागे हंडे घेऊन बाया धावतात, त्या गावात ती शोभत नाहीत.

राहता राहिली तुळस. कार्तिक द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तिचं लग्न लागतं, वृंदावन रंगवलं जातं, ऊस-बोरं-आवळे वाहिले जातात, आणि पौष लागला की तीच तुळस काळपट पडून झडायला लागते. घरात कोणाच्या तरी मनाला ते लागतं. खरं तर तुळशीला थंडी सोसत नाही आणि मंजिऱ्या धरल्यावर तिचं आयुष्यही उताराला लागतं. सगळा जोर बियांत जातो. लग्न झालं की मंजिऱ्या खुडून घ्याव्यात, काही वाळवून पुडीत बांधून ठेवाव्यात. सिमेंटचं वृंदावन रात्री फार गार पडतं, तेव्हा शक्य असेल तर कुंडीतली तुळस दक्षिणेकडच्या उन्हाच्या भिंतीशी सरकवावी. पूजेचं पाणी रोज तांब्याभर घालण्याऐवजी पळीभर घालावं. दूध घालू नये, त्यानं माती आंबते. वरची माती बोटभर काढून त्या जागी चाळलेलं कुजकं शेणखत भरावं. एवढं करूनही ती गेली, तर फाल्गुनात पुडीतलं बी ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं. ते इतकं बारीक असतं की खोल पुरलं तर उगवत नाही.

थंडी वाढेल तशी दोन दुखणी येतील. दोडका, काकडी, गुलाब, वाटाणा यांच्या पानांवर पांढरी भुरी, आणि वाल व शेवंतीच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा. भुरीची पानं दिसताक्षणी तोडून घराबाहेर टाकावीत. माव्यासाठी ५० ग्रॅम निंबोळीची भरड कापडात बांधून १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी पिळून अर्क गाळावा, चिमूटभर साबण विरघळवून त्याच दिवशी फवारावा. शिळा अर्क कामाचा नाही.

ज्यांनी लिंबाचं आणि मोगऱ्याचं पाणी आज तोडलं, त्यांनी कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवावी. ताण तोडताना पहिलं पाणी हलकं द्यायचं, त्याला आंबवणीचं म्हणतात. चार-आठ दिवसांनी दुसरं, चिंबवणीचं. पुरतं पाणी त्यानंतर. एकदम भरपूर पाणी दिलं तर आलेली फुलं गळतात. खत केव्हा आणि किती, आणि खोडाला बोर्डो मलम घरच्या घरी कसं करायचं, ते पौषातल्या लेखांकात. पुढच्या आठवड्यात घरचं बी राखण्याविषयी.