बहिणाबाईंचें आत्मनिवेदन : गृहस्थितीचें एक साधन

इतिहासाचीं साधनें म्हणजे सनदा, महजर, बखरी व पत्रव्यवहार, असें आपण धरून चालतों. परंतु सतराव्या शतकांत तरुण विवाहित स्त्रीस घरांत कितपत मोकळीक होती, हें या कागदांवरून क्वचितच कळतें. तें सांगणारें एक साधन संतवाङ्मयांत आहे. तें म्हणजे तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई यांचे आत्मनिवेदनपर अभंग.

बाईंचा जन्म इ. स. १६२८ च्या सुमारास वेरूळजवळील देवगांवीं झाला. तिसऱ्या वर्षीं त्यांचें लग्न शिऊरच्या पाठक घराण्यांतील तीस वर्षांच्या बिजवराशीं लागलें. पुढें देशोधडीस लागलेलें हें कुटुंब कोल्हापुरीं आलें. तेथें अकराव्या वर्षाच्या सुमारास, जयरामस्वामींच्या कीर्तनाच्या प्रसंगावरून पतीनें त्यांस मारून मोटेसारखें बांधून टाकलें. ही हकीकत त्यांनीं स्वतःच सांगितली आहे.

पतीचा रोष केवळ उंबरठा ओलांडण्यावर नव्हता. वेदाध्यायी ब्राह्मणाच्या पत्नीनें शूद्र तुकोबांस गुरु मानावें, आणि लोकांनीं तिच्या दर्शनास यावें, हें त्यांस असह्य झालें. ते घर सोडण्यास निघाले, तोंच आजारी पडले. बाईंनीं शुश्रूषा केली. त्यांचें मन पालटलें आणि कुटुंब देहूस गेलें. म्हणजे मोकळीक मिळाली ती हक्कानें नव्हे, पतीच्या अनुमतीनें.

म्हणूनच बाई पतिव्रताधर्माची थोरवी गातात, आणि वेदाधिकार नाकारणाऱ्या स्त्रीजन्माची खंतही करतात. यांत विसंगति शोधूं नये. जातीचा अभिमान खोडणारें, अश्वघोषाच्या नांवावर चालणारें ‘वज्रसूची’ हें संस्कृत प्रकरणही त्यांनीं अभंगांत उतरविलें. मार्ग बंद होता, बुद्धि नव्हे.

परदेशींही असाच दाखला मिळतो. १६३० सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स वसाहतींत गेलेल्या प्यूरिटन पंथीय अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट यांच्या कविता १६५० सालीं लंडनांत छापल्या गेल्या. तेव्हां बाईंनीं गृहकृत्यांत कसूर केलेली नाहीं, अशी ग्वाही त्यांच्या नातलगास प्रस्तावनेंत द्यावी लागली. आमच्या बाईंस ती ग्वाही स्वतःच्या अभंगांतून द्यावी लागली, एवढाच भेद.

वैराग-बार्शीकडे जुनीं बाडें चाळणाऱ्या संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, देवघरांतील अभंगांचें बाड ‘केवळ भक्तिपर’ म्हणून बाजूस ठेवूं नये. त्यांत स्त्रीची नाममुद्रा आढळल्यास तीं पानें आधीं वाचावीं. मग बासन बांधावें.