विहिरीचा उणे हिशेब : भुईमूग पेरण्याआधी दोरी सोडा

जानेवारी सरत आला की उन्हाळी भुईमुगाचे बियाणे घरात येऊन पडते आणि एकच घोर लागतो : विहीर शेवटपर्यंत पुरेल का? आपण काठावरून आत डोकावतो, 'यंदा पाणी बरं दिसतंय' म्हणतो आणि पेरून मोकळे होतो. तसे करू नका. दोरीला दगड बांधा, मीटरच्या खुणा करा आणि सकाळी मोटार चालू करण्याआधी पाणी मोजा. उपसा झाल्यावर मोजलेली पातळी फसवते.

जमीन म्हणजे शून्य. खाली जाईल ते उणे. कठड्यावरून मोजले तर कठड्याची उंची वजा करा.

समजा, १ जानेवारीला पाणी उणे ६.४ मीटरवर होते आणि २९ जानेवारीला उणे ७.८ वर गेले. इथे पुष्कळांची गफलत होते. दोन्ही आकडे उणे, म्हणून ते बेरीज करून १४.२ काढतात! नव्या आकड्यातून जुना वजा करायचा : उणे ७.८ वजा उणे ६.४, म्हणजे उणे १.४ मीटर. दिवस झाले २८. भागाकार केला की रोजचा दर आला उणे ०.०५ मीटर, म्हणजे दिवसाला पाच सेंटीमीटर घट.

आता फूटव्हॉल्व्ह उणे १२.३ वर आहे असे धरा. त्याच्यावर अर्धा मीटर पाणी हवेच, नाहीतर पंप हवा ओढतो. म्हणजे उणे ११.८ पर्यंतच आपली धाव. उणे ११.८ वजा उणे ७.८, उरले उणे ४.०. त्याला उणे ०.०५ ने भागा. उण्याला उण्याने भागले की उत्तर अधिक येते : ८० दिवस. म्हणजे १९ एप्रिलच्या सुमारास विहीर हात टेकणार. भुईमुगाला साधारण ११५ दिवस लागतात, म्हणजे २४ मे उजाडणार. शेंगा भरायच्या ऐन वेळी पस्तीस दिवस कोरडे!

तेही घट तेवढीच राहिली तर. मार्चपासून ऊन वाढते, पाळ्या वाढतात आणि दर उणे ०.०५ वरून उणे ०.०८ झाला, तर तेच ४ मीटर पाणी ५० दिवसांत संपते. म्हणून दर आठवड्याला दर नव्याने काढा.

फुटात मोजणाऱ्यांनी एक सांभाळावे. ३ फूट ६ इंच म्हणजे ३.६ नव्हे, ३.५.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. त्यावरून भागाचे चित्र कळते, तुमच्या विहिरीचे नव्हे. सरपंच मंडळींनी गावच्या पिण्याच्या विहिरीलाही हाच हिशेब लावावा. टँकरचा प्रस्ताव पंचायत समितीकडे नेताना तारखांसह लिहिलेली पातळीची वही सोबत असू द्या. मोजणीचा वार ठरवून टाका. बाजाराचा दिवस सोयीचा, तो कुणी विसरत नाही.