बंद पडणारे इंजिन आणि हवेचा दाब

कार्ब्युरेटर असलेला एक जुना पिकअप ट्रक घाट चढताना आचके देत बंद पडतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू होतो. टाकीत पेट्रोल तर भरपूर आहे! मग दोष कशात?

गोडेतेलाच्या डब्याला दुकानदार दोन भोके पाडतो, हे तुम्ही पाहिले असेल. एकातून तेल बाहेर येते, दुसऱ्यातून हवा आत जाते. जुन्या टाकीच्या झाकणातही बहुधा अशीच हवेची बारीक वाट असते. ती धुळीने बुजली, की पेट्रोल खर्च होईल तसतसा टाकीतील दाब घटतो. इंजिनावरचा पंप टाकीकडच्या नळीतला दाब फक्त कमी करतो; पेट्रोल पंपापर्यंत ढकलते ती टाकीतील हवाच. ती विरळ झाली, की इंजिन उपाशी राहते. गाडी थांबल्यावर फटींतून हवा हळूहळू आत शिरते.

पण थांबा! उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ झाली, तरी इंजिन असेच बंद पडते आणि निवल्यावर चालू होते. म्हणजे नुसते थांबून निदान होत नाही. गाडी सुरक्षित जागी घेऊन, विडीकाडी दूर ठेवून, लगेच झाकण उघडावे. हवा 'फुस्स' करीत आत गेली आणि इंजिन न निवताच सुरू झाले, तर दोष झाकणात. तसे न झाल्यास वाफ, तुंबलेला फिल्टर व ठिणगी क्रमाने तपासावी.

एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे, हीच प्रयोगशाळेतली शिस्त मिस्त्रीलाही उपयोगी पडते. नाहीतर चांगला कार्ब्युरेटर उगाच बदलला जातो, आणि घाटात ट्रक पुन्हा बंद पडतो!