युरोपावरच्या भेगा काय सांगतात

गुरूचा उपग्रह युरोपा आपल्या चंद्रापेक्षा किंचित लहान आहे. त्याचा व्यास सुमारे ३,१२० किलोमीटर. विषुववृत्ताजवळही तिथले तापमान उणे १६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. एवढ्या थंडीत पाण्याचा बर्फ खडकासारखा कठीण होतो, त्यामुळे पृथ्वी आणि चंद्रावर तावूनसुलाखून निघालेले भूगर्भशास्त्राचे नियम तिथेही बऱ्याच अंशी लागू पडतात. अडचण एवढीच, की युरोपावर आजवर एकही यान उतरलेले नाही. हाती नमुना नाही, खोदकाम नाही. पृष्ठभागाचा इतिहास छायाचित्रांवरूनच लावावा लागतो.

९ जुलै १९७९ रोजी व्हॉयेजर-२ हे यान युरोपापासून सुमारे दोन लाख किलोमीटर अंतरावरून गेले. त्याच्या सर्वांत स्पष्ट चित्रांतही दोनेक किलोमीटरपेक्षा बारीक तपशील नव्हता. तरी दोन गोष्टी चटकन ध्यानात आल्या: सर्वत्र तपकिरी रेषांचे जाळे होते आणि आघातविवरे जवळजवळ नव्हतीच. यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची. धूमकेतू आणि लघुग्रह कोणालाच सोडत नाहीत. चंद्रावर त्यांचे व्रण अब्जावधी वर्षे टिकून आहेत. युरोपावर ते दिसत नाहीत, त्याअर्थी तिथला जुना पृष्ठभाग पुसला गेला असला पाहिजे. विवरांच्या संख्येवरून आजच्या पृष्ठभागाचे वय सुमारे चार ते नऊ कोटी वर्षे धरले जाते. सौरमालेच्या साडेचारशे कोटी वर्षांपुढे हे वय अगदीच कोवळे.

पुढचे यान गॅलिलिओ. ते डिसेंबर १९९५ मध्ये गुरूच्या कक्षेत पोहोचले, पण त्याचा मुख्य अँटेना वाटेतच अडकला होता. तो पूर्ण उघडलाच नाही. छोट्या अँटेनावरून माहिती इतकी संथ येई, की प्रत्येक चित्र हिशेबाने निवडावे लागले. म्हणून युरोपाचा थोडाच भाग बारकाईने टिपला गेला. काही चित्रांत मात्र पिक्सेलमागे सहा मीटरपर्यंतचा तपशील मिळाला.

व्हॉयेजरच्या कित्येक रेषा आता दुहेरी निघाल्या. शेतातल्यासारखे दोन समांतर वरंबे आणि मधोमध एक सरी. फक्त इथले वरंबे शेकडो मीटर उंच असू शकतात. ही उंची सावल्यांच्या लांबीवरून काढतात, आणि त्यासाठी सूर्य क्षितिजालगत असतानाची चित्रे लागतात. माथ्यावरच्या उन्हात रंग दिसतात, उठाव दिसत नाही. वयाचा क्रम लावणे त्याहून सोपे: जी रेषा दुसरीला छेदून जाते, ती नंतरची. काही रुंद, गडद पट्टे वगळून दोन्ही काठ एकत्र आणले, तर त्यांवरच्या जुन्या रेषा नेमक्या जुळतात. म्हणजे तिथे कवच फाकले आणि ती जागा खालून आलेल्या नव्या बर्फाने भरली. कोनामारा नावाच्या भागात तर कवचाचे कित्येक किलोमीटर रुंदीचे तुकडे सुटून सरकले, फिरले, कलले आणि पुन्हा जागीच गोठले.

सर्वांत बोलक्या ठरल्या त्या कमानीला कमान जोडत जाणाऱ्या भेगा. त्या व्हॉयेजरनेही टिपल्या होत्या, पण उलगडा १९९९ मध्ये झाला. युरोपाची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असल्याने साडेतीन दिवसांच्या एका फेरीत गुरूचा भरतीचा ताण वाढतो, घटतो आणि दिशाही बदलतो. ताण वाढला की भेग पुढे सरकते, दिशा बदलेल तशी वळते, ताण ओसरला की थांबते. पुढच्या फेरीत नव्या दिशेने पुन्हा निघते. एका फेरीत एक कमान, वेग माणसाच्या चालीएवढा. इतका ताण यायचा तर बर्फाचे कवच दर फेरीत सुमारे तीस मीटर वरखाली व्हायला हवे. कवचाखाली पाणी नसेल, तर ही हालचाल मीटरभरच होईल.

तरीही समुद्राचा निवाडा एकट्या छायाचित्रांनी केला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पृष्ठभागावरच्या बऱ्याच खुणा खालच्या उबदार, मऊ बर्फानेही घडू शकतात. अधिक वजनदार पुरावा गॅलिलिओच्याच चुंबकत्वमापकाने दिला: गुरूचे चुंबकीय क्षेत्र बदलते तसे युरोपातही प्रतिसादी क्षेत्र उमटते, आणि त्यासाठी कवचाखाली खारट पाण्यासारखा विद्युतवाहक थर लागतो. कवच किती जाड, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले नासाचे युरोपा क्लिपर यान एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचणार आहे. ते युरोपाजवळून सुमारे पन्नास वेळा जाईल. त्याचा कॅमेरा अर्ध्या मीटरपर्यंतचा तपशील टिपू शकतो आणि बर्फाच्या आत डोकावणारे रडारही सोबत आहे.