पुरातत्त्वसंस्थांची साधने आणि भाषेचा अभ्यासक

पुरातत्त्व म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे उत्खननाचे खड्डे, मातीची भांडी आणि पडक्या भिंती उभ्या राहतात. भाषेच्या अभ्यासकाला मात्र त्या शास्त्राकडून निराळीच वस्तू हवी असते. एखादा शब्द कोणत्या रूपात, कोणत्या काळी व कोठे लिहिला गेला, याचा भरवशाचा पुरावा त्याला पाहिजे असतो. हस्तलिखित ग्रंथांतून असा पुरावा सहसा मिळत नाही. ते पिढ्यान् पिढ्या नकलले गेले आणि नकलकारांनी आपापल्या काळची भाषा त्यांत थोडीबहुत मिसळली. शिळेवर वा ताम्रपटावर कोरलेले अक्षर मात्र कोरणाऱ्याने सोडले तसेच राहते. ते अभ्यासकाच्या मेजापर्यंत येते ते पुरातत्त्वाच्या संस्थांमार्फत. या संस्था कोणती साधने पुरवितात आणि त्यांचे खरे मोल कशात आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात एका परिचित उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे.

१. संस्था आणि त्यांची कामे

या संस्थांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला शासकीय सर्वेक्षणाचा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा आरंभ १८६१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या नेमणुकीने झाला. कोरीव लेखांचे काम पाहणारी त्याची शाखा १९६६ साली उटकमंडहून म्हैसूरला गेली. अरबी व फारसी लेखांची शाखा नागपूरला आहे. ‘एपिग्राफिया इंडिका’ हे नियतकालिक १८८८पासून भागाभागांनी निघू लागले. ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकारम’ या मालेत वा. वि. मिराशी यांनी कलचुरी, वाकाटक व शिलाहार या घराण्यांचे लेख अनुक्रमे १९५५, १९६३ व १९७७ या वर्षी संपादून दिले. उत्खननांचा वार्षिक आढावा १९५३-५४पासून स्वतंत्रपणे प्रसिद्ध होऊ लागला.

दुसरा वर्ग विद्वत्परिषदांचा. भारतीय नाणकशास्त्र परिषद १९१० साली, भारतीय पुरातत्त्व परिषद १९६७ साली आणि भारतीय पुराभिलेख परिषद १९७४ साली स्थापन झाली. परिषदेत वाचन मांडावे, इतरांनी ते तपासावे आणि मग ते छापावे, हा त्यांचा क्रम. तिसरा वर्ग संशोधनसंस्थांचा. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) आणि १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झालेले डेक्कन कॉलेज ही आपल्या निकटची नावे. डेक्कन कॉलेजात सु. मं. कत्रे यांचे भाषाशास्त्र आणि ह. धी. सांकलिया यांचे पुरातत्त्व एकाच छपराखाली वाढले, ही गोष्ट आपल्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे.

२. ठसा

या संस्थांच्या साधनांत भाषेच्या अभ्यासकाला सर्वांत मोलाचा वाटावा असा पदार्थ म्हणजे शिलालेखाचा ठसा. शिळा स्वच्छ धुतात, तीवर ओला कागद पसरतात आणि ब्रशाने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवितात. नंतर त्यावर शाईची बोंडी फिरवितात. सपाट भाग काळा होतो आणि खोल गेलेली अक्षरे पांढरी राहतात. या कृतीत वाचणाऱ्याचे मत शिरत नाही. हाताने काढलेल्या नकलेत मात्र ते शिरते. कारण नकलणारा आपल्याला समजलेले अक्षर काढतो.

ठशाचे दुसरे मोल असे की, तो कित्येकदा मूळ शिळेपेक्षा अधिक काळ टिकतो. कोकणातील गद्धेगाळ शेंदराच्या व तैलरंगाच्या थरांखाली दडतात. एखादा दगड नव्या बांधकामात पायरी होऊन बसतो. अशा वेळी संग्रहातील कागद हाच एकमेव साक्षीदार उरतो. सर्वेक्षणाच्या वार्षिक अहवालात ताम्रपट आणि शिलालेख यांच्या अनुक्रमांक घातलेल्या याद्या असतात. तेथे पुष्कळदा पूर्ण पाठ नसून स्थळ, भाषा, काळ आणि चार ओळींचा सारांश एवढेच आढळते. म्हणून यादी ही वाट दाखविणारी आहे, मुक्काम नव्हे, हे ध्यानात ठेवावे. ते वर्ष आणि तो क्रमांक हाती असला म्हणजे ठशापर्यंत पोहोचता येते.

३. श्रवणबेळगोळच्या दोन ओळी

आता उदाहरण घेऊ. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायांशी असलेली ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ ही ओळ आपल्याकडे अनेक पिढ्यांनी मराठीतील पहिले वाक्य म्हणून पाठ केली. तीच गोष्ट तेथे कन्नडात आणि तमिळातही कोरलेली आहे. कन्नडातील क्रियापद ‘माडिसिदं’, तमिळातील ‘शेय्वित्तान्’. तिन्ही रूपे प्रयोजक आहेत. परंतु कन्नड आणि तमिळ क्रियापदे कर्त्याप्रमाणे चालतात, तर मराठीत कर्ता तृतीयेत गेला असून क्रियापद नपुंसकलिंगी झाले आहे. आजचे ‘राजाने करविले’ याच घडणीचे. एका ओळीत एवढे व्याकरण सुरक्षित राहावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

या ओळीच्या काळाविषयी मात्र वाद आहे. चावुंडरायाने मूर्ती घडविली ती दहाव्या शतकाच्या अखेरच्या पादात. म्हणून लेखालाही इ. स. ९८३च्या सुमाराचा काळ देण्याची प्रथा पडली. परंतु तेथेच दुसरी मराठी ओळ आहे. होयसळ राजा विष्णुवर्धन याचा सेनापती गंगराज याने मूर्तीभोवतीचे ‘सुत्ताले’, म्हणजे आवार, करविल्याचे ती सांगते. ती बाराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशापूर्वीची असणे शक्य नाही. दोन्ही ओळींच्या नागरी अक्षरांचे वळण सारखे असल्यामुळे त्या एकाच वेळी कोरल्या गेल्या असाव्यात, असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल तर ‘पहिले वाक्य’ सुमारे १३० वर्षांनी अलीकडे येते आणि अलिबागजवळील आक्षीचा, शके ९३४चा मानला जाणारा लेख त्याच्या पुढे जातो.

हा वाद अभिमानाने मिटणार नाही. तो अक्षरे पाहूनच मिटावयाचा. आणि ती पाहता येतात, याचे श्रेय संस्थांचे आहे. म्हैसूर संस्थानाच्या पुरातत्त्वखात्यातर्फे बी. एल. राइस यांनी १८८९ साली, ‘एपिग्राफिया इंडिका’च्या सातव्या खंडात (१९०२-०३) हुल्ट्श यांनी आणि पुन्हा म्हैसूरच्या खात्यातर्फे १९२३ साली आर. नरसिंहाचार यांनी हे लेख प्रसिद्ध केले. एकाच्या वाचनावर दुसऱ्याची नजर पडली.

४. चुकीचे मोल

प्रचलित छापील पाठांत ‘करवियलें’ या रूपावर कोठे अनुस्वार आढळतो, कोठे नाही. इतिहासकाराला या टिंबाचे फारसे महत्त्व नाही. दान कोणी दिले हे त्यावाचूनही कळते. भाषेच्या अभ्यासकाचे मात्र त्यावरच अडते. तो अनुस्वार उच्चारातील नासिक्याची खूण आहे, पाथरवटाने गाळलेला आहे, की दगडाच्या टवक्याला कोणी अनुस्वार मानले? संपादकाने शुद्ध करून छापलेल्या पाठावरून याचे उत्तर देता येत नाही.

म्हणूनच लेखाची प्रत्येक ओळ जशी आहे तशी छापावी आणि दुरुस्ती तळटिपेत द्यावी, ही या प्रकाशनांनी घालून दिलेली शिस्त आपल्याला अनमोल आहे. व्याकरणाच्या दृष्टीने जी चूक, ती उच्चाराच्या दृष्टीने साक्ष असू शकते. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) आणि अॅन फेल्डहाउस यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला जुन्या मराठीचा कोश (१९९९) यांच्या पाठीशी अशा शिस्तीने टिपलेली सामग्री आहे.

५. अभ्यासकाचे कर्तव्य

या संस्थांत उणिवा नाहीत असे नव्हे. प्रकाशनाची गती मंद आहे; ठसा घेतल्यापासून पाठ छापला जाईपर्यंत कित्येकदा दशके लोटतात. परंतु ही उणीव काही अंशी आपण भरून काढू शकतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. तेव्हापासून जुन्या पुराव्यांचे उल्लेख वारंवार कानी पडतात. उल्लेख करणाऱ्याने निदान एकदा तरी छापील ठसा समोर ठेवून अक्षरे लावावीत, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.

विद्यार्थ्यांना गावोगावी अक्षरे असलेले दगड आढळतात. अशा वेळी अक्षरांत खडू, चुना वा तेल भरू नये. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्रे घ्यावीत, गाव, वाडी व दिशा यांची नोंद करावी आणि पुरातत्त्वखात्याला कळवावे. वाचण्याची घाई नसावी. आपल्याला न लागलेले अक्षर पुढच्या अभ्यासकाला लागू शकेल. त्याकरिता ते दगडावर शिल्लक मात्र राहिले पाहिजे.